गडगा होता, पण हद्द तिथे नव्हती : वेंगुर्ला तालुक्यातल्या एका परड्याच्या कुंपणाचं प्रकरण

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. चिऱ्याचा, म्हणजे बांधकामाच्या घडलेल्या जांभ्या दगडाचा, पहिला ट्रक घरासमोर रिकामा झाला आणि दादाचा मला कुडाळला फोन आला. "गवंडी सोमवारी येतोय. पूर्वेकडचा गडगा काढून त्याच जागी भिंत घालतोय." गडगा म्हणजे सिमेंट न लावता नुसते दगड रचून घातलेला बांध. मी विचारलं, "मोजणी कधी केलीस?" तो म्हणाला, "गडगा आहे की! बाबांच्या लहानपणापासून आहे. आणखी काय मोजायचं?"

मी त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीने गावी गेले. त्या सातबारावर दादासोबत माझंही नाव आहे, त्यामुळे विचारायचा हक्क होता. पण गेले ती हक्कासाठी नाही. गडग्यापलीकडे आबा राहतात, आणि आमच्या घरातल्या चार पिढ्या त्यांच्या घराशी बोलत आलेल्या आहेत.

घर वेंगुर्ला तालुक्यात, समुद्रापासून किलोमीटरभर आत. घरामागे उतारावर सातेक गुंठ्यांचं परडं. दादा मुंबईची नोकरी संपवून कायमचा गावी आला, तेव्हा त्याने तिथे वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ काजूची कलमं लावली, कडेने केळी लावल्या, वहिनीने भाजीचे वाफे केले. भात कापून झालं की गुरं मोकळी सुटतात. पहिल्याच वर्षी अर्धी कलमं त्यांनी शेंड्यापासून खाल्ली. कुंपणाची गरज खरी होती, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं.

परड्याच्या पूर्वेला गडगा. त्याच्या पलीकडे माणूसभर रुंदीची पायवाट, खालच्या तीन घरांची विहिरीवर जायची. वाटेच्या कडेने व्हाळी, म्हणजे पावसाळ्यात वाहणारा लहानसा ओहोळ, आणि मग आबांचे माड. पश्चिमेला चंद्रज्योत आणि निवडुंगाची वई, म्हणजे झाडाझुडपांचं कुंपण, आणि वईपलीकडे पाणंद, गावची वाट. दक्षिणेला उतार संपतो तिथे भाताचे कुणगे.

त्या रात्री आबा काठी टेकत आले. ऐंशीच्या घरातला माणूस, आवाज कधी चढवत नाही. अंगणात पडलेल्या चिऱ्यांकडे बघून म्हणाले, "गडगो म्हणजे हद्द न्हय रे. माती व्हावान जाता म्हणान माझ्या बापाशीन आणि तुमच्या आज्यान मिळान घातलेलो तो." दादा काही बोलला नाही. आबा गेल्यावर म्हणाला, "बघ, आत्तापासूनच सुरुवात झाली."

मला मात्र आबांचं म्हणणं पटण्यासारखं वाटलं. आपल्याकडे गडगा एकाच कारणासाठी घातला जात नाही. कुठे तो वाटणीची खूण असतो, कुठे गुरं अडवायला असतो, कुठे उतारावरची माती धरायला, तर कुठे जमीन साफ करताना निघालेला जांभा दगड ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून रचलेला असतो. माती धरणारा गडगा माणूस घालतो तो पाया घट्ट लागेल तिथे. कागदावरची रेषा कुठून जाते हे त्या वेळी कुणी बघत नाही. दोन पिढ्यांनी मग ज्यांना कारण आठवत नाही ते त्यालाच हद्द म्हणू लागतात.

सोमवारचा गवंडी आम्ही थांबवला. चिऱ्यांवर माडाच्या झावळ्यांची झापं घातली.

कागदांपासून सुरुवात केली. सातबारावर सर्व्हे नंबर, त्याखाली आमचा हिस्सा नंबर, क्षेत्र ०.०७.२० हेक्टर आर, म्हणजे ७२० चौरस मीटर, सव्वासात गुंठ्यांना थोडं कमी. सातबारा एवढंच सांगतो की किती आहे आणि कुणाच्या नावावर आहे. कुठून कुठपर्यंत आहे हे त्यात एका अक्षराने नसतं, आणि ही गोष्ट शिकलेल्या माणसांनाही परत परत सांगावी लागते. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा तर त्याहून लांबचा. तो कराचा कागद, त्यावरून जागेची कड ठरत नाही.

'इतर हक्क' हा रकाना आम्ही डोळ्यांत तेल घालून वाचला. आपल्या जिल्ह्यात तो सगळ्यात आधी वाचावा असं माझं मत आहे. १९४९ च्या कायद्याने खोती, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या खोतांची वतनदारी, गेली, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कुळं मालक झाली, पण खरेदी पूर्ण न झालेल्या कुळांची नावं, दुसऱ्याच्या जमिनीतल्या झाडांचे हक्क, विहिरीचा वाटा अशा नोंदी अजूनही त्या रकान्यात सापडतात. आमच्याकडे तो रिकामा होता. पायवाटेची नोंद नव्हती. दादाला ते वाचून हायसं वाटलं. मला उलट काळजी वाटली, कारण वाट तर डोळ्यांसमोर होती.

मग टिपणाची, म्हणजे जुन्या मोजणीत काढलेल्या मापांसहितच्या आकृतीची, नक्कल मागवली. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला, त्यामुळे जुन्या कागदावर 'जिल्हा रत्नागिरी' पाहून गोंधळायचं कारण नव्हतं. हिस्स्याचं टिपण मिळालं हे आमचं नशीब. कित्येक गावांत पोटहिस्से सातबारावर पडलेले असतात, पण जमिनीवर कधी मोजलेलेच नसतात. तसं असतं तर एकट्या आमच्या हिस्स्याची हद्द कायम करून मिळाली नसती. आधी पोटहिस्सा मोजणी, त्यासाठी सगळ्या सहहिस्सेदारांची संमती, आणि त्यातले निम्मे मुंबईत.

टिपणावर आमच्या पूर्व बाजूची लांबी होती ३ साखळी ६ आणे. दादा म्हणाला, आणे कसले? जुन्या मुंबई इलाख्याच्या मोजणीतली साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे गुंठा, म्हणूनच गुंठा १०८९ चौरस फुटांचा. हिशेब केला तर ३ साखळी ६ आणे म्हणजे १११ फूट आणि थोडं, मीटरमध्ये ३४. दादाने टेप लावून गडगा मोजला, तोही जवळपास तेवढाच भरला. "बघ, जुळलं!" लांबी जुळली होती. दिशा जुळते का, हे टेप सांगत नाही.

त्याने फोनवर गावनकाशा आणि उपग्रहाचं चित्र एकमेकांवर ठेवूनही पाहिलं. रेषा गडग्याच्या अलीकडे पडते की पलीकडे, यावर आम्ही दोघं रात्रभर वाद घातला असता. तो वादच चुकीचा होता. समजा नकाशा १:५००० चा असेल, तर कागदावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर रुंद होते. त्यात माडांखाली फोनचं जीपीएस चार-पाच मीटर सहज हुकतं. गाव समजून घ्यायला तो नकाशा चांगला आहे. त्यावरून खांब रोवायचा नाही.

मोजणीचा अर्ज

तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडे 'हद्द कायम' मोजणीसाठी ऑनलाइन अर्ज केला. सगळ्या सहखातेदारांच्या सह्या घेतल्या. फी भरली ती नियमित मोजणीची, द्रुतगतीची नाही, कारण कलमांना एक उन्हाळा काटेरी फांद्या लावून जपता येणार होतं. अर्जात लगतधारकांची, म्हणजे शेजारच्या जमिनींच्या धारकांची, नावं आणि पत्ते द्यावे लागतात. त्यांना कार्यालयाकडून नोटीस जाते, मोजणीच्या दिवशी हजर राहता यावं म्हणून. ही नोटीस नीट पोचली नाही तर नंतर कुणीही म्हणू शकतं की माझ्या गैरहजेरीत मोजलं.

इथे आमची चूक झाली, आणि ती मला आजही टोचते. नोटीस जायच्या आधी आपण स्वतः आबांकडे जाऊन सांगायचं, असं आमचं ठरलं होतं. मी समजले दादा जाईल. दादा समजला मी फोन करीन. आणि पोस्टमन आबांच्या दारात आधी पोचला.

वहिनीने मला फोनवर सांगितलं की आबा दोन दिवस ओसरीवर बसत नाहीत. मी गेले. ते पाकीट त्यांनी देवाऱ्याजवळ ठेवलं होतं, उघडून, परत घडी घालून. म्हणाले, "सत्तर वर्सां शेजारी आसंय. आणि माका पोस्टान नोटीस?" मला उत्तर देता आलं नाही. दादाही आला, खाली बसला आणि म्हणाला, "आबा, माझा चुकला." बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आबांनी चहा टाकायला सांगितला. कायद्याने नोटीस आवश्यक होती, आणि ती गेली हे बरोबरच झालं. पण नोटिशीच्या आधी जाणं हे आमचं काम होतं, कार्यालयाचं नाही.

उठताना ते म्हणाले, "मोजणी करून घी, माझी ना नाय. पण व्हाळीचा पाणी खय जातला, ता आधी बघ."

मोजणीचा दिवस

फेब्रुवारीत तारीख मिळाली. रान वाळलेलं असतं, कुणगे रिकामे असतात, भूकरमापकाला, म्हणजे सरकारी मोजणी करणाऱ्याला, चालायला वाट मिळते. आदल्या दिवशी दादाने गडग्याच्या कडेची झुडपं तोडली.

भूकरमापकांनी फक्त आमचा तुकडा मोजला नाही. हे नीट समजून घेण्यासारखं आहे. जुन्या टिपणातली आकृती आजच्या जमिनीवर बसवायची तर दोन्हींत सारख्या असलेल्या खुणा लागतात. म्हणून ते सर्व्हे नंबराच्या दूरच्या कोपऱ्यांपर्यंत गेले. जुनी विहीर, वरच्या बाजूचा बांध, पाणंदीचं वळण हे सगळं घेतलं. माडांच्या आणि आंब्याच्या छत्रीखाली रोव्हरला, म्हणजे उपग्रहावरून जागा टिपणाऱ्या यंत्राला, उपग्रह नीट मिळेनात, तेव्हा उपग्रहाशिवाय अंतर आणि कोन मोजणारं ईटीएस यंत्र लावून तिथले बिंदू घेतले. तरी पूर्वेकडचं एक टोक बसेना. दोन तऱ्हांनी आकृती बसत होती आणि दोन्हींत मीटरभराचा फरक पडत होता.

आबा सकाळपासून त्यांच्या माडाखाली खुर्ची टाकून बसले होते. उठले, आणि उताराच्या टोकाला करवंदीच्या जाळीकडे काठी केली. "हय एक धोंडो आसा. माझ्या बापाशीन माका दाखयलेलो." दादाने कोयत्याने जाळी कापली. वीतभर मातीखाली घडलेला दगड निघाला, वरच्या बाजूला झिजलेली खूण. तीन हिस्से जिथे मिळतात तो हद्दीचा दगड. तो धरल्यावर आकृती बसली.

आणि बसली ती आबांच्या विरुद्ध. रेषा उत्तरेच्या टोकाला गडग्याशी जवळपास जुळत होती, पण दक्षिणेकडे जाता जाता गडग्याच्या पलीकडे सरकत होती. दक्षिणेच्या टोकाला गडगा आमच्याच जागेत २.४ मीटर आत होता. मधला त्रिकोण ४१ चौरस मीटरच्या आसपास, गुंठ्याच्या अर्ध्यालाही कमी. त्यात पायवाटेचा खालचा भाग, व्हाळी आणि आबांचे दोन माड. तो दगड दाखवला नसता तर कदाचित दुसऱ्या तऱ्हेने आकृती बसवली गेली असती. त्यांना हे ठाऊक होतं की नाही, मी विचारलं नाही. विचारणं बरं दिसलं नसतं.

पश्चिमेला उलटं निघालं. आमची वई मधोमध ०.९ मीटर पाणंदीत गेलेली होती. चंद्रज्योत दरवर्षी छाटायची राहिली की ती बाहेरच्या बाजूला झुकते, पुढची काठी मग झुकलेल्या काठीच्या बाहेर रोवली जाते. कुणी ठरवून केलं नव्हतं. पाणंद मात्र तेवढी अरुंद झाली होती.

'क' प्रत हातात आल्यावर

पंधरवड्याने 'क' प्रत, म्हणजे या मोजणीचा अधिकृत नकाशा, मिळाली. अभिलेखाची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट, दोन्ही त्यावर दिसत होत्या. दादा नकाशा मांडीवर घेऊन बसला. "कागद आपल्या बाजूने आहे. मग भिंत रेषेवर घालायला हरकत काय?"

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, म्हणून मी त्या रात्री त्याच्याशी जे बोलले ते सविस्तर लिहिते. मोजणीने रेषा कुठे आहे ते कळतं. त्या रेषेवर भिंत घालता येईल की नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर 'क' प्रतीत नाही. मोजणीने मालकी ठरत नाही, वाद झाला तर ती दिवाणी न्यायालयात ठरते. आबांचे माड चाळीस वर्षांचे. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार बारा वर्षांहून अधिक काळ उघडपणे आणि मालकाच्या हक्काला विरोध म्हणून ताबा असेल तर तो मुद्दा न्यायालयात मांडता येतो. तो टिकेल की नाही हे साक्षी-पुराव्यावर, पण त्यात दहा वर्षं गेली तर दादाची कलमं तोवर कधीच फळाला आलेली असतील.

वाटेचं त्याहून स्पष्ट. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षं उघडपणे, शांततेने, खंड न पडता, हक्क म्हणून वापरलेली वाट हा हक्क होतो, सातबारावर नोंद असो वा नसो. शिवाय तहसीलदारांकडे १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने अडथळा काढून मागता येतो, अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. बांधावरून जाण्याच्या हक्कासाठी जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहेच. म्हणजे आम्ही भिंत घातली असती, खालच्या तीन घरांतून कुणीतरी अर्ज केला असता आणि आमचीच भिंत आम्ही आमच्याच खर्चाने पाडली असती.

निकाल पटला नाही तर आबांनाही मार्ग होता. निमताना मोजणी मागता येते, वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी. ते आम्हीच त्यांना सांगितलं. ते म्हणाले, नको, दगड मीच दाखवला.

दादा सकाळी उठून गडग्यावर जाऊन बसला. परत आला तेव्हा म्हणाला, "कुंपण गडग्याच्या आतल्या बाजूने घालू. गडगा राहू दे." मला त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. तो लहानपणी त्याच वाटेने आबांच्या घरी गुळांबा खायला जायचा.

पण तोंडी ठेवायचं नाही, यावर मी अडून बसले. आज दादा आणि आबा आहेत. उद्या त्यांची मुलं असतील आणि त्यांना गडग्याचं कारण आठवणार नाही, आपल्यासारखंच. आबांचा मुलगा शिमग्याला आला तेव्हा सगळे एकत्र बसलो. लिहिलं ते असं, की हद्द 'क' प्रतीप्रमाणे दोघांना मान्य. कुंपण ही हद्द नव्हे, वाट आणि पाणी यांसाठी ते आत घातलं आहे. पायवाट आणि व्हाळी कुणीही बंद करणार नाही. दोन माड आबांचे, नारळ त्यांचे, ते आमच्या परवानगीने उभे आहेत. शेवटच्या शब्दांनी आबा पुढे कधी ताब्याचा हक्क सांगू शकणार नाहीत, हे मी त्यांच्या मुलाला उघड सांगितलं आणि त्याने आपल्या वकिलाला दाखवूनच सही करावी असंही म्हटलं. त्याने आठ दिवस घेतले. सही केली.

जमिनीचा हक्क देण्या-घेण्याचा लेख असता तर १९०८ च्या नोंदणी कायद्याने तो नोंदवावा लागला असता. शेतजमिनीचा असा अर्धा गुंठा तोडून देणंही १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे सरळ नाही. म्हणून कुणीच कुणाला जमीन दिली नाही. जे आहे ते फक्त लिहून ठेवलं.

पाणी

गवंड्याचा मूळ बेत पाच फूट उंच सलग चिऱ्याच्या भिंतीचा होता, सिमेंटने सांधलेल्या. आबांचा प्रश्न त्याला विचारला, तेव्हा तो स्वतःच थबकला. जुना गडगा सुक्या दगडांचा, त्याच्या फटींतून पाणी झिरपून जातं. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. सलग भिंतीमागे ते पाणी तुंबलं असतं, एक तर भिंत फुगून कोसळली असती, नाही तर पाणी वळून खालच्या घराच्या जोत्याला लागलं असतं.

शेवटी चिऱ्याचे दोनच थर घातले, दर दोन मीटरवर पाण्याला वाट सोडून. वर सिमेंटचे खांब आणि जाळी. खांबांचे खड्डे मोठ्या झाडांच्या मुळांपासून दूर. उरलेला चिरा पश्चिमेला कामी आला. तिथली वई आम्ही पूर्ण काढली, पाणंदीपासून हातभर आत नवी भिंत घेतली आणि ग्रामपंचायतीला तसं लेखी कळवलं. आता त्या पाणंदीतून टेम्पो जातो.

आमचं घर खाडीला किंवा किनाऱ्याला लागून असतं तर भरतीरेषेपासूनचं अंतर आणि किनारा नियमन क्षेत्राचे नियम हा आणखी एक थर आला असता. किनाऱ्यालगत जागा असणाऱ्यांनी तो मोजणीच्याही आधी तपासावा.

हद्दीचे दगड मोजणीनंतर आम्ही पक्के रोवले. ते सांभाळणं खातेदाराचं काम आहे आणि मुद्दाम हलवले तर संहितेत दंड आहे. करवंदीखालच्या जुन्या दगडाला हात लावला नाही. 'क' प्रतीच्या झेरॉक्सच्या मागे मी प्रत्येक दगडाचं घराच्या दोन कोपऱ्यांपासूनचं आणि विहिरीच्या कठड्यापासूनचं अंतर मीटरमध्ये लिहून ठेवलं. एक झेरॉक्स दादाकडे आहे, एक माझ्याकडे कुडाळला, आणि एक आबांच्या देवाऱ्याजवळ, त्याच पाकिटात.